जॅझवर लिहून पोट भरतं का?

विचारणाऱ्याने प्रश्न असा मांडला आहे: वय बावीस, इंग्रजी साहित्याची पदवी, सॅक्सोफोन थोडाफार वाजवता येतो, आणि जॅझचा समीक्षक-इतिहासकार व्हायचं पक्कं ठरवलं आहे. मग शिकायचं काय, पैसे कुठून येतात, आणि असा माणूस दिवसभर नेमकं करतो काय? संगीतावर लिहिणं, जुन्या तबकड्यांच्या नोंदी करणं आणि वादकांच्या मुलाखती घेणं यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून उत्तर ऐसपैस देतो.

पैशांचं आधी बोलू, कारण घरचे तेच विचारतील. पूर्णवेळ जॅझ समीक्षकाच्या नोकऱ्या अमेरिकेतही बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. व्हिटनी बॅलियट यांना 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने १९५७ पासून चार दशकांहून जास्त काळ सांभाळलं, हा अपवाद. इंग्लंडमध्ये कवी फिलिप लार्किन यांनी १९६१ ते १९७१ या काळात 'डेली टेलिग्राफ'मध्ये जॅझच्या तबकड्यांवर लिहिलं, पण त्यांचा पगार यायचा तो हल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून. आपल्याकडे घराण्यांच्या गायकीवर इतकं मूलभूत लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. तेव्हा 'समीक्षक' या पदाची जागा निघेल म्हणून वाट बघत बसू नका. संपादन, भाषांतर, अल्बमसोबत छापले जाणारे लेख, रेडिओ, मैफलींचं आयोजन, शिकवणं, संग्रहातली नोकरी अशा आजूबाजूच्या कामांची मिळून एक कारकीर्द उभी राहते. आणि या कामांना पोटासाठी केलेली तडजोड समजू नका, असं मी कळकळीने सांगतो. जॅझचा इतिहासकार घडतो तो याच कामांमध्ये.

याचं सगळ्यात भरीव उदाहरण म्हणजे डॅन मॉर्गनस्टर्न. ७ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, ते न्यूयॉर्कमध्ये गेले. जन्म १९२९चा, म्युनिकचा, बालपण व्हिएन्नात. वडील सोमा मॉर्गनस्टर्न लेखक आणि पत्रकार, संगीतकार आल्बान बेर्ग यांचे मित्र. आईचे वडील पाउल फॉन क्लेनाउ हे डॅनिश संगीतकार आणि संचालक. मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि हे ज्यू कुटुंब विखुरलं. वडील फ्रान्सकडे निघाले, आई मुलाला घेऊन डेन्मार्कला गेली. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये या मुलाने फॅट्स वॉलर यांना रंगमंचावर पियानो वाजवताना पाहिलं. धिप्पाड देह, मिश्कील भुवया, आणि डाव्या हाताची ती न थांबणारी उडी. १९४३मध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली तेव्हा हजारो लोकांना होड्यांतून स्वीडनला पोचवलं गेलं. त्यांत आई आणि मुलगाही होते. १९४७ साली ते न्यूयॉर्कला आले. अठराव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या या पोराला त्या शहरात सगळ्यात आधी बघायची होती ती बावन्नावी गल्ली, जिथे शेजारी शेजारी लहान क्लब होते आणि एका संध्याकाळी जॅझच्या दोन-तीन पिढ्या ऐकता यायच्या.

पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या नावावर जॅझवरचं लिखाण जवळजवळ नाही, आणि हे तुम्ही नीट लक्षात घ्यावं. वर्तमानपत्राच्या कचेरीत पोऱ्याचं काम, मग सक्तीची लष्करी सेवा, मग ब्रँडाइस विद्यापीठात शिक्षण. रात्री मात्र क्लबमध्ये. ट्रम्पेटवादक हॉट लिप्स पेज यांच्यासारखे लोक त्यांना हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णी वस्तीत पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठकांना घेऊन जात. त्यांची थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्याशी ओळख झाली, ती मैत्रीत बदलली. १९५८ साली 'जॅझ जर्नल' या ब्रिटिश मासिकासाठी न्यूयॉर्कची खबरबात लिहायला त्यांनी सुरुवात केली, तोवर त्यांना वादकांची वाजवण्याची रीत तर ठाऊक होतीच, पण कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाला कोणाचं वाजवणं मनापासून आवडतं, कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलं आहे हेही ठाऊक होतं. आपल्याकडे एखाद्या गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसून जे कळतं ते पहिल्या रांगेत बसून कळत नाही, तसंच हे.

नंतरची यादी वाचली तर माणूस सतत नोकऱ्या बदलत होता असं वाटेल. १९६१मध्ये 'मेट्रोनोम'चे संपादक झाले, आणि ते जुनं मासिक त्याच वर्षी बंद पडलं. मग 'जॅझ' नावाचं दुसरं मासिक. मधे योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांच्या जर्मन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत उन्हाळी मैफली भरवण्याचं काम. १९६४मध्ये 'डाउनबीट' या जॅझच्या अमेरिकन नियतकालिकाच्या न्यूयॉर्क कचेरीत, १९६७ ते १९७३ मुख्य संपादक. या सगळ्यात अल्बमसोबतचे लेख अखंड चालू होते. आणि १९७६मध्ये ते रटगर्स विद्यापीठाच्या न्यूअर्क इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज'चे संचालक झाले. तिथे पस्तीस वर्षं राहिले.

ही संस्था सुरू केली होती मार्शल स्टर्न्स यांनी, १९५२ साली, ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्वतःच्या घरात. स्टर्न्स इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते, मध्ययुगीन इंग्रजी कविता शिकवायचे. तुमची पदवी साहित्याची आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद तपासणारा माणूस तबकड्यांकडेही त्याच शिस्तीने बघू शकला. १९६६मध्ये हा संग्रह रटगर्सकडे गेला आणि आज जॅझवरच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी तो एक आहे. लाखाच्या वर ध्वनिमुद्रणं, पत्रं, छायाचित्रं, वाद्यं, मासिकांचे जुने अंक, पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांची कागदपत्रं. मॉर्गनस्टर्न यांच्या काळात तिथे कुणीही विद्यार्थी, चरित्रकार, चित्रपटवाला किंवा एखाद्या वादकाचा नातू येऊन प्रश्न विचारायचा आणि त्याला उत्तर मिळायचं. गेल्या अर्धशतकात निघालेल्या जॅझवरच्या गंभीर पुस्तकांची आभाराची पानं उघडून बघा. त्यांचं नाव किती वेळा येतं! दुसऱ्याच्या पुस्तकातली चूक छपाईआधी दुरुस्त करून देणं हे या व्यवसायातलं अत्यंत मोलाचं आणि बिनश्रेयाचं काम आहे, आणि ते त्यांनी आनंदाने केलं. 'समीक्षक' ही पदवी त्यांना फारशी रुचत नसे. मी या संगीताचा पुरस्कर्ता आहे, असं ते म्हणत.

अल्बमसोबतच्या लेखांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पैसा आणि विद्वत्ता यांची गाठ इथे पडते. इंग्रजीत यांना लाइनर नोट्स म्हणतात. रेकॉर्ड कंपनी एकरकमी मानधन देते. अल्बम किती खपला याचा लेखकाच्या कमाईशी संबंध नसतो. पैसे कंपनीचे, त्यामुळे 'हे ऐकू नका' असं त्यात लिहिता येत नाही, हे उघड आहे. पण जुन्या ध्वनिमुद्रणांच्या पुनर्प्रकाशनात हाच लेख खरं संशोधन होतो. मॉर्गनस्टर्न यांना या प्रकारच्या लेखनासाठी आठ ग्रॅमी मिळाले. पहिला पियानोवादक आर्ट टेटम यांच्या अल्बमसाठी. त्यातली मुद्रणं जेरी न्यूमन नावाच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने १९४०-४१मध्ये तबकडी कोरण्याचं फिरतं यंत्र बरोबर घेऊन हार्लेममधल्या रात्रीच्या ठिकाणी केली होती. टेटम तिथे मित्रांमध्ये, सैल होऊन, मध्येच ब्लूज गातही वाजवतात. स्टुडिओतला टेटम आणि हा टेटम यांत काय फरक आहे, खोलीत कोण होतं, पियानोची अवस्था काय होती, हे सांगणारा कुणी नसेल तर ऐकणाऱ्याला फक्त खरखर आणि गोंगाट ऐकू येईल. पुढे २००७मध्ये फॅट्स वॉलर यांच्या संचासाठी त्यांना ग्रॅमी मिळाला, कोपनहेगनच्या त्या संध्याकाळनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

याच ठिकाणी नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. लेनर्ड फेदर यांचं उदाहरण बघा. लंडनचा हा मुलगा न्यूयॉर्कला गेला, समीक्षक झाला, १९५५मध्ये जॅझचा पहिला मोठा कोश त्याने काढला, 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट', म्हणजे वादकाचं नाव न सांगता तबकडी ऐकवून मत विचारण्याची कल्पना, रुजवली. पण तो गाणी रचायचा, ध्वनिमुद्रणं आखायचा आणि त्याच वर्तुळातल्या लोकांवर लिहायचाही. त्याच्या हातून चांगलं काम झालं, गायिका डायना वॉशिंग्टनची सुरुवातीची ब्लूज गाणी झाली. तरीही वाचकाने त्याचं परीक्षण वाचताना मनात शंका धरावी अशी परिस्थिती त्याने स्वतःच निर्माण केली होती. माझा नियम साधा आहे. ज्या अल्बमचे पैसे घेतले त्याचं परीक्षण दुसरीकडे लिहायचं नाही, आणि ज्या वादकाच्या कार्यक्रमाचं आयोजन केलं त्याच्यावर लिहिताना ते पहिल्याच परिच्छेदात सांगायचं. या छोट्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात. ओळख लपवली की ती बाधते.

आता इतिहासकार दिवसभर करतो काय ते. एक तबकडी घेऊ. २६ नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्क, सॅव्हॉय कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचं ध्वनिमुद्रण. त्यातली 'को-को' ही बीबॉप या तेव्हाच्या नव्या, वेगवान जॅझ शैलीची खूणगाठ मानली जाते. तबकडीवर पियानोवादकाचं नाव छापलं होतं 'हेन गेट्स'. या नावाचा माणूसच नव्हता. ते ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी घेतलेलं टोपणनाव. पियानोसाठी बड पॉवेल यांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या आर्गोन थॉर्न्टन यांच्याकडे न्यूयॉर्कच्या युनियनचं कार्ड नव्हतं. ट्रम्पेटवर तेव्हा एकोणीस वर्षांचे माइल्स डेव्हिस होते, पण 'को-को'ची अवघड सुरुवात वाजवली गिलेस्पी यांनी. मग गिलेस्पी ट्रम्पेट वाजवत असताना पियानोवर कोण? कुठल्या टेकमध्ये, म्हणजे मुद्रणाच्या कुठल्या खेपेत, कुणाचा हात? यावर लोक आजही कान लावून वाद घालतात. हा वाद सोडवायला काय लागतं बघा: तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ मुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक), टेकचा क्रमांक, कंपनीच्या वह्या, युनियनचे कागद, त्या खोलीतल्या माणसांनी पुढे वेगवेगळ्या वर्षी दिलेल्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या मुलाखती, आणि शेवटी दोघा पियानोवादकांच्या बोटांची ओळख असलेला कान. यातलं एक जरी नसेल तर निष्कर्ष लंगडा पडतो.

कधीकधी तबकडीच नसते, आणि तिथे इतिहासकाराची खरी कसोटी लागते. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकन वादकांच्या युनियनने रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. ज्यूकबॉक्स आणि रेडिओवर तबकड्या वाजतात, जिवंत वादकांची कामं जातात, तेव्हा कंपन्यांनी वादकांच्या निधीत पैसे भरावेत ही मागणी. डेका कंपनीने सप्टेंबर १९४३मध्ये मान तुकवली, व्हिक्टर आणि कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४मध्ये. त्याच सुमारास तबकड्यांसाठी लागणाऱ्या शेलॅकची टंचाईही होती. शेलॅक म्हणजे आपल्या छोटा नागपूरच्या जंगलातली लाख. ती भारतातून जहाजाने जायची, युद्धाने तो मार्ग धोक्यात आला आणि अमेरिकी सरकारने १९४२मध्ये तबकड्यांसाठीचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला. नेमक्या याच काळात, १९४३मध्ये, पियानोवादक अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात पार्कर, गिलेस्पी आणि गायिका सारा वॉन एकत्र होते. त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी निघाली नाही. १९४५मध्ये पार्कर-गिलेस्पी यांच्या तबकड्या निघू लागल्या तेव्हा लोकांना बीबॉप आकाशातून पडल्यासारखं वाटलं, आणि कित्येक परीक्षकांनी तसंच लिहिलं. खरं तर त्याची वाढ तबकडीबाहेर झाली होती: हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये, गावोगाव फिरणाऱ्या बसमध्ये, शिकागोतल्या हॉटेलच्या एका खोलीत, जिथे बॉब रेडक्रॉस नावाच्या मित्राने स्वतःच्या यंत्रावर पार्कर-गिलेस्पी यांचं थोडंसं वाजवणं टिपून ठेवलं. फक्त तबकड्या ऐकून लिहिलेला इतिहास इथे साफ फसतो. तुम्ही आज घरबसल्या सगळं ऐकू शकता, म्हणून हा सापळा तुमच्यासाठी जास्त मोठा आहे.

दंतकथांशी झगडणं हा या कामाचा आणखी एक भाग. आर्मस्ट्राँग आयुष्यभर सांगत राहिले की आपला जन्म ४ जुलै १९०० चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. त्यांचा सत्तरावा वाढदिवस जुलै १९७०मध्ये जगाने साजरा केला. मॉर्गनस्टर्न संपादक असलेल्या 'डाउनबीट'नेही त्यांना खास अंक अर्पण केला. ते गेल्यानंतर, १९८०च्या दशकात, न्यू ऑर्लिन्सच्या टॅड जोन्स या संशोधकाला चर्चच्या नोंदवहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१. आर्मस्ट्राँग खोटं बोलत होते असं समजायचं कारण नाही. गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णी मुलाचा जन्म कुणी सणासारखा लिहून ठेवला नव्हता आणि घरच्यांनी सांगितलेलं त्यांनी मानलं. पण त्या एका वर्षाने बरंच बदलतं. त्यांचे गुरू, कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या बोलावण्यावरून ते १९२२ साली शिकागोला गेले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते की नुकतेच एकवीस पुरे केलेले, न्यू ऑर्लिन्समधल्या जुन्या वादकांना त्यांनी कुठल्या वयात ऐकलं असेल, हे सगळं नव्याने मांडावं लागतं. चर्चच्या एका वहीत ते पान आधीपासून होतंच. कुणीतरी जाऊन उघडायची गरज होती.

मुलाखतीत 'तुमचं संगीत काय सांगतं?' असं विचारू नका. वयस्क वादकाला वस्तू विचारा. स्टेजवर कुठे बसायचात? किती पैसे मिळायचे, आणि कोण द्यायचं? बस कुणाच्या मालकीची? सूट कुठे शिवला? सूट आठवला की साल आठवतं, साल आठवलं की शेजारी बसलेला माणूस आठवतो. आणि एकाच माणसाला काही महिन्यांनी पुन्हा भेटा. दुसऱ्या खेपेला पाठ झालेली गोष्ट बाजूला पडते. अमेरिकेत १९५८पासून ट्युलेन विद्यापीठाने न्यू ऑर्लिन्सच्या वृद्ध वादकांच्या मुलाखती ध्वनिफितीवर घेतल्या, त्या नसत्या तर सुरुवातीच्या जॅझबद्दल आपल्याकडे बढाया तेवढ्या उरल्या असत्या.

समीक्षेकडे येतो. समीक्षक वादकाचं नुकसान करू शकतो, हे नवख्या लेखकाला खरं वाटत नाही. नोव्हेंबर १९६१मध्ये 'डाउनबीट'मध्ये जॉन टायनन यांनी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'अँटी-जॅझ' म्हटलं. शब्द चिकटला. त्याच महिन्यात कोल्ट्रेन न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये 'इंडिया' ही रचना वाजवत होते. रविशंकर ऐकून त्यांना एका स्वराभोवती दीर्घ काळ फिरत राहण्याची ओढ लागली होती. आपल्या कानाला त्यात आलापीची ओळख पटते. ज्याच्या कानाला सतत बदलणाऱ्या कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची) सवय, त्याला मात्र तो गोंधळ वाटला. एप्रिल १९६२मध्ये त्याच नियतकालिकाचे संपादक डॉन डीमायकल यांनी दोघांना समोर बसवून उत्तर देऊ दिलं. त्यात डॉल्फी पक्ष्यांबरोबर वाजवण्याबद्दल बोलतात. ती मुलाखत मी प्रत्येक होतकरू लेखकाला वाचायला सांगतो. न कळलेल्या गोष्टीबद्दल आधी विचारायला जायचं, हा धडा तिथे प्रत्यक्ष दिसतो.

उलट बाजूही आहे. १९५८मध्ये गुंथर शुलर यांनी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांच्या 'ब्लू सेव्हन'चं बारकाईने विश्लेषण केलं. एका लहान कल्पनेतून सगळा विस्तार कसा उमलतो ते दाखवलं. शुलर स्वतः वादक आणि संगीतकार, लेख अप्रतिम, स्तुती मनापासून. रोलिन्स मात्र त्यामुळे इतके अवघडले की आपल्याबद्दलचं लिखाण वाचणंच त्यांनी सोडायचं ठरवलं. विश्लेषण करू नये असं यातून निघत नाही. वाजवणारा माणूस तुमचं वाचतो, आणि उद्या रात्री त्याला पुन्हा वाजवायचं असतं, इतकं ध्यानात राहू द्या.

आणि वर्णाचा प्रश्न. १९६३मध्ये लिरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमीरी बराका, यांनी 'डाउनबीट'मध्येच लिहिलं की जॅझचे बहुतेक थोर वादक कृष्णवर्णी आणि बहुतेक समीक्षक गोरे, आणि हे समीक्षक स्वर मोजतात पण ते स्वर ज्या जगण्यातून येतात त्याची चौकशी करत नाहीत. हा आरोप साठ वर्षांनीही शिळा झालेला नाही. आपण भारतातून लिहितो म्हणून या भांडणाच्या बाहेर आहोत असं मानू नका. दलित शाहिरी, तमाशा, बँडबाजा यांवर कोणी लिहिलं, कोणाच्या नावाने लिहिलं, कोणाला मानधन मिळालं हे प्रश्न आपल्या घरातलेच आहेत, आणि ज्याने ते स्वतःला विचारले असतील त्याला बराका लवकर समजतात. मॉर्गनस्टर्न गोरे होते, युरोपीय होते. पण केवळ जन्मामुळे जीव वाचवत पळावं लागलेला हा मुलगा हार्लेममध्ये आधी बरीच वर्षं श्रोता म्हणून बसला, लेखक म्हणून नंतर. त्यांच्या लिखाणात वादकाबद्दल जी अदब आहे ती मला तिथून आलेली वाटते.

शिकायचं काय? सॅक्सोफोन सोडू नका. मंचावर वाजवायचा नसला तरी दुसऱ्याचं सोलो कानाने उतरवून काढायला वाद्य हाताशी लागतं. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचं एखादं सोलो स्वर-स्वर उतरवा, स्वतः वाजवून बघा. 'तरल', 'ओघवतं' ही विशेषणं आपोआप गळून पडतील. पियानोवर साधी हार्मनी शिका. अमेरिकेचा इतिहास वाचा: दक्षिणेकडून उत्तरेकडे झालेलं कृष्णवर्णीयांचं स्थलांतर, दारूबंदी, मंदी, युद्ध. कॉपीराइट आणि करारांची भाषा शिका. अर्धा इतिहास तिथे लपलेला असतो. नोंद ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, प्रत्येक विधानापुढे ते कुठून आलं हे लिहून.

पदवी हवीच असेल तर रटगर्सच्या न्यूअर्क शाखेत जॅझचा इतिहास आणि संशोधन या विषयाची पदव्युत्तर पदवी १९९७पासून सुरू झाली. तिथे शिकलेले रिकी रिकार्डी आज न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आर्मस्ट्राँग यांच्या घराचं जे संग्रहालय झालं आहे तिथे संशोधन संग्रहाचे प्रमुख आहेत. आर्मस्ट्राँग यांनी स्वतः शेकडो ध्वनिफिती भरून ठेवल्या होत्या: गप्पा, विनोद, तबकड्या, घरातली भांडणंसुद्धा. रिकार्डी यांनी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेका गाण्यावर सविस्तर लिहिलं, मग चरित्राचे तीन खंड केले, आणि २०२२मध्ये त्यांनाही अल्बमसोबतच्या लेखासाठी ग्रॅमी मिळाला. आजच्या काळातली कारकीर्द अशी दिसते: एका माणसाला किंवा एका जागेला धरून खोल जायचं, संग्रहाच्या जवळ राहायचं आणि लिहीत राहायचं. सगळ्यांवर थोडंथोडं लिहिणाऱ्याला आता कोणी पैसे देत नाही. स्ट्रीमिंगवर तर वादकांची नावंही धड दिसत नाहीत. ड्रमवर कोण होतं हे खात्रीने सांगू शकणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढली आहे.

तुम्ही मुंबईत राहता असं लिहिलं आहे, म्हणून शेवटी कामाचं सांगतो. अमेरिकेत दहा हजार लोक कोल्ट्रेनवर लिहितात. तुमच्या हाताशी वेगळं काही आहे. १९३५मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी १९२६ साली शिकागोत एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँग यांच्यासोबत मुद्रण केलं होतं. १९४५मध्ये ते कलकत्त्यात पटकीने गेले. त्यांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसत गोव्याचे वादक तयार झाले. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांकडून, म्हणजे संगीत शिक्षकांकडून, सोल्फेज (पाश्चात्त्य स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकून, मुंबईत धोबीतलावच्या आसपासच्या कुडांत, म्हणजे गोव्यातल्या गावांच्या वसतिगृहांत, राहणारी ही मुलं. त्यांतल्या आंतोनियो वाझ यांना लोक चिक चॉकलेट म्हणू लागले. मुंबईतल्या दारूबंदीने हॉटेलांतल्या वाद्यवृंदांचं कंबरडं मोडलं आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्या १९५१च्या 'अलबेला'त जो स्विंग आहे त्यामागे चिक चॉकलेट आहेत. नरेश फर्नांडिस यांनी २०१२मध्ये इंग्रजीत यावर मोलाचं पुस्तक लिहिलं, पण एका पुस्तकाने हा विषय संपत नाही.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन १९३५ ते १९५० या काळातल्या मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या हॉटेलांच्या आणि नाचाच्या जाहिराती तारखेवार उतरवायला घ्या. कुठल्या रात्री, कुठल्या हॉटेलात, कुणाचा बँड, एवढीच तीन रकान्यांची वही. सोबत जुन्या स्टुडिओ वादकांच्या कुटुंबांना भेटा. माळ्यावरच्या ट्रंकेत करारपत्रं, नोटेशनच्या वह्या, बँडचे फोटो असतात आणि घर बदलताना ते रद्दीत जातात. फोटोच्या मागे काय लिहिलं आहे त्याचाही फोटो काढा. कोंकणी येत नसेल तर शिकून घ्या, मराठी येत असल्याने फार वेळ लागणार नाही, आणि आजीबाई आपल्या भाषेत जे सांगतील ते इंग्रजीत कधीच सांगणार नाहीत. तबकड्यांच्या क्रमांकांसाठी मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींना विचारा. या लोकांकडे माहिती आहे आणि ते ती मोकळ्या मनाने देतात. वहीची पहिली काही पानं भरली, की त्यातल्या एकाच बँडवर दोन हजार शब्द लिहून पाठवा. मी वाचेन, आणि प्रत्येक तारखेपुढे 'कुठून?' असं विचारेन.